तुला नेमकं काय लागतं?

बैठक संपली होती. फायली बंद झाल्या, खुर्च्या सरकल्या, 'चला, छान झालं' असं सगळ्यांचं एकमेकांना म्हणूनही झालं. वर्गशिक्षिका, समुपदेशक, आई, वडील आणि मी, अशी पाच मोठी माणसं, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो तेरा वर्षांचा मुलगा. तो पूर्ण वेळ ओळखपत्राच्या लॅमिनेशनचा सुटलेला कोपरा नखाने सोलत बसला होता. मध्येच एकदा बाईंनी त्याच्याकडे बघून विचारलं होतं, 'तुला काय लागतं रे? आम्ही काय करू शकतो?' त्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, 'प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपात द्या. मागच्या शाळेत तशीच द्यायचे.' बाईंनी लिहून घेतलं. मग जिना उतरताना तो माझ्या बाजूला आला आणि पायऱ्यांकडे बघतच म्हणाला, 'मोठा टाइप नाही लागत मला. कधीच लागत नव्हता.'

'मग काय लागतं?'

थोडा वेळ नुसतेच पायांचे आवाज. मग म्हणाला, 'एकदम उभं करून वाचायला लावलं ना, की मला काहीच सुचत नाही. ते नको.'

ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणजे आधीच्या शाळेत कुणीतरी दर परीक्षेला मन लावून त्याची प्रश्नपत्रिका मोठी करून आणत होतं. आई दर वर्षी त्यासाठी अर्ज देत होती. हलगर्जीपणा कुणाचाच नव्हता, उलट सगळे मनापासून करत होते. आणि मुलगा तो जाडजूड कागद घेऊन मुकाट्याने पेपर लिहीत होता, कारण एवढं सगळं आपल्यासाठी चाललंय म्हटल्यावर 'हे नकोय' म्हणायचं कसं? बरं, हा मुलगा काही भिडस्त नाही. मैदानावर त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, पंचांशी हुज्जत घालायला पहिला हाच. पण स्वतःच्या वाचण्याविषयी बोलायचं म्हटलं की तो आईकडे बघतो. आपल्या वाचनाचं खातं आईकडे आहे अशीच त्याची समजूत.

या आयांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी धडधाकट असूनही वाचणं-लिहिणं जड जाण्याची अडचण, असलेल्या मुलांना मी वाचायला शिकवते, त्यामुळे आई आणि मूल अशी जोडीच माझ्याकडे येते, आणि ती आई येते तेव्हा बरंच काही झेलून आलेली असते. 'लक्ष नसतं त्याचं', 'घरी घेत नाही का तुम्ही अभ्यास?', 'हुशार आहे पण आळशी आहे', हे तिने शिक्षकांकडून ऐकलेलं असतं, नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं, कधी नवऱ्याकडूनही. मग असेसमेंट होते, हातात रिपोर्ट येतो, आणि तिला पहिल्यांदा बोलायला जमीन मिळते. ती बोलायला शिकते. अर्ज कसा लिहायचा, कुणाला भेटायचं, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे गोड बोलायचं, सगळं. आणि ती इतकं चांगलं बोलायला लागते की मुलाला बोलायची गरजच उरत नाही. सवलत मिळते, जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. फक्त या सगळ्यात मुलाच्या तोंडून एक वाक्य गेलेलं नसतं.

मला माझ्या शाळेतला एक मुलगा आठवतो. तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द आमच्यापैकी कुणाच्या कानावर नव्हता. भाषेच्या तासाला बाकांच्या ओळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा असे. हा मुलगा तास सुरू झाला की डोकी मोजायचा. आपल्यापुढे किती जण आहेत ते मोजून धड्यातला तितकावा परिच्छेद शोधायचा, आणि पुढची सगळी मिनिटं तो परिच्छेद ओठांतल्या ओठांत घोकत बसायचा. मधलं कोणी काय वाचलं, बाईंनी काय समजावलं, त्यातलं त्याच्यापर्यंत काही पोचत नसणार. एखाद्या दिवशी कोणी गैरहजर असेल किंवा बाईंनी कुणाला दोन परिच्छेद वाचायला लावले, की त्याचं गणित कोसळायचं. मग त्याचा हात वर जायचा, 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' हे वाक्य तो इतकं सहज, इतक्या अचूक वेळी म्हणायचा की आज त्याच्या कसबाचं कौतुक वाटतं. आपल्याला काय झेपत नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं, ते कधी येणार याचा अंदाज होता आणि त्यातून सुटायची वाटही होती. फक्त हे सगळं ज्ञान लपण्याच्या कामी लागलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडेही ते असतंच. पोटात दुखणं, पेन्सिलीला टोक करायला उठणं, विनोद करून वर्ग हसवणं आणि त्याबद्दल बाहेर उभं राहणं. बाहेर उभं राहण्यात एक सोय आहे, तिथे कुणी वाचायला लावत नाही.

लपायला शिकवावं लागत नाही. सांगायला शिकवावं लागतं.

आणि सांगायचं तरी काय? डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसतात, हा गैरसमज अजून इतका घट्ट आहे की मुलंसुद्धा विचारतात, 'पण मला तर उलटं दिसत नाही, मग मला खरंच आहे का?' डोळ्यांचा तो प्रश्नच नाही. शब्दातले आवाज सुटे करणं, ते अक्षरांशी जोडणं आणि ती जोडणी विचार न करता आपोआप व्हावी इतकी पक्की होणं, अडतं ते इथे. आपल्या लिपीत उच्चार आणि अक्षर यांचं नातं त्यातल्या त्यात सरळ, म्हणून पुष्कळ मुलं पुढे बरोबर वाचायलाही लागतात. पण सावकाश वाचतात, आणि दमतात. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर. रफाराचं त्याहून वेगळं. एका मुलीने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं, 'तो र बोलायचा आधी, आणि जाऊन बसतो पुढच्याच्या डोक्यावर.' तिला 'सूर्य' वाचता येत होता. पण दर वेळी तो नव्याने वाचावा लागत होता. समोरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की काल हाच शब्द आला होता, आज नाही आला. 'काल आला की व्यवस्थित! आज काय झालं?' या प्रश्नाला त्या वयात उत्तर देणं फार अवघड आहे.

त्यात आणखी एक अन्याय आहे. यांपैकी बऱ्याच मुलांना घाईच्या वेळी नेमका शब्द ओठांवर आणायलाही वेळ लागतो. माहीत असतो, पण येत नाही. म्हणजे आपली अडचण नेमक्या शब्दांत, उभ्या उभ्या, समोरच्या कपाळावरची आठी बघत सांगायची, हे काम ज्यांना सगळ्यात जड जातं त्यांच्यावरच ते येऊन पडतं. 'सांगायचं ना मग तोंड उघडून' असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

अशा वेळी मला पर्सी आठवतो. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या चौदा वर्षांच्या मुलावर एक छोटा लेख लिहिला. 'जन्मजात शब्दांधता' असं त्यांनी या अडचणीला म्हटलं. मूल डोळ्यांनी, बुद्धीने धडधाकट असूनही वाचू शकत नाही, याच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. स्वतःचं नाव लिहिताना पर्सीने 'प्रेसी' लिहिलं आणि एकदा दाखवूनही चूक त्याच्या लक्षात आली नाही, हा तपशील सगळीकडे सांगितला जातो. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, हे त्याच्या मास्तरांचं मतही सांगितलं जातं. मला मात्र त्या लेखातली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पर्सीने डॉक्टरांना सांगितलं होतं की मला अंकगणित आवडतं, त्यात काही अडत नाही, पण छापलेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांना मला अर्थच नसतो. आणि डॉक्टरांनी पुढे नोंदवलं की तपासल्यावर माझी खात्री पटली, मुलाचं म्हणणं बरोबर आहे. काय जमतं, काय जमत नाही, दोन्ही मुलानेच सांगितलं. चाचण्यांनी नंतर त्यावर शिक्का मारला. सव्वाशे वर्षांत चाचण्या कुठच्या कुठे गेल्या, रिपोर्ट जाडजूड झाले, पण मुलाला आधी विचारायचं आणि तो सांगतोय ते खरं मानून तपासायचं, हा क्रम बऱ्याच ठिकाणी हरवला.

रिपोर्टवरून आठवलं. वाचायला जड जाणाऱ्या मुलाबद्दलचा कागद हा जगातल्या सगळ्यात वाचायला जड कागदांपैकी एक असतो. पानंच्या पानं, तक्ते, आकडे, आणि तो मुलाच्या हातात कधी येतच नाही. कपाटात वरच्या खणात असतो. मुलाला माहीत असतं की तिथे आपल्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलंय, आणि इतकं जपून ठेवलंय म्हणजे वाईटच असणार. म्हणून हल्ली मी आईवडिलांची परवानगी घेऊन तो रिपोर्ट मुलाबरोबर बसून वाचते. म्हणजे मी वाचते, तो ऐकतो. एका मुलाने मधेच थांबवून विचारलं, 'पाचवा पर्सेंटाइल म्हणजे मला शंभरात पाच मार्क पडले?' त्याने ते कधीतरी चोरून वाचलं होतं आणि तेव्हापासून तो आकडा मनात धरून होता. वेगाने वाचण्यात तुझ्या वयाच्या शंभरातली साधारण पंच्याण्णव मुलं तुझ्या पुढे आहेत, असा त्याचा अर्थ, मी सांगितलं. हे काही फार आनंदाचं नव्हतं. मग त्याच पानावरचा दुसरा आकडा दाखवला, वाचून दाखवलेलं समजण्याचा. तिथे तोच मुलगा शंभरातल्या ऐंशींच्या पुढे होता. त्याने दोन्ही आकड्यांवर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. 'म्हणजे मला कळतं. फक्त आत जायला वेळ लागतो.' हे वाक्य रिपोर्टच्या निष्कर्षात असायला हवं होतं.

मग तालीम. मला या सगळ्यातला हाच भाग आवडतो. 'मला डिस्लेक्सिया आहे' एवढंच म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. तो एकतर हळहळतो, नाहीतर संशय घेतो. काय होतं, काय केलं तर बरं पडेल आणि माझ्याकडून मी काय करीन, एवढं दोन-तीन वाक्यांत आलं तर समोरच्यालाही सोपं जातं. जिन्यातल्या त्या मुलाचं वाक्य घासून घासून असं झालं: 'बाई, अचानक वाचायला उठवलं की माझं सगळं लक्ष अक्षरांकडे जातं आणि धडा कळत नाही. आदल्या दिवशी परिच्छेद सांगितलात तर मी तयारी करून येईन.' पाठ करायचं नाही, पण इतक्या वेळा म्हणायचं की छाती धडधडत असतानाही बाहेर पडेल. मी बाई होते. पहिल्यांदा सगळं ऐकून घेणारी बाई, मग घाईतली, मग 'तुला एकट्याला सांगितलं तर बाकीचे काय म्हणतील?' असं विचारणारी. नंतर आम्ही भूमिका बदलतो. मुलं शिक्षक झाली की माझ्यापेक्षा कितीतरी कडक होतात. तो मुलगा बाई झाला तेव्हा मान वर न करता वहीत सही करत म्हणाला, 'सगळ्यांनाच कंटाळा येतो वाचायचा. जा जागेवर.' मला खरंच पुढचं वाक्य सुचेना. तो खूश झाला. मग आम्ही दोघांनी मिळून पुढचं वाक्य शोधलं. 'हो बाई, पण मी तुमच्याशी नंतर दोन मिनिटं बोलू शकतो का?' भांडायचं नाही, पण विषय सोडूनही द्यायचा नाही.

कुठे सांगायचं, कधी सांगायचं, हेही शिकावं लागतं. तास चालू असताना, चाळीस जणांसमोर नाही. समोर उभं राहून जमत नसेल तर आवाजी टायपिंगने मेल लिहून. आणि कुणाला सांगायचं नाही, हेसुद्धा. प्रत्येक मित्राला, प्रत्येक पाहुण्याला आपली अडचण उलगडून दाखवायला हे मूल बांधील नाही. 'ही तर तुझी सुपरपॉवर आहे' म्हणणाऱ्यांचा मला जरा रागच येतो. हेतू चांगला असेल, पण जे मूल रात्री एका पानावर तासभर घालवतं त्याला सुपरपॉवर म्हणणं म्हणजे त्याच्या तक्रारीचं तोंडच बंद करणं. अडचण आहे, ती खरी आहे आणि तिच्याबद्दल बोलता येतं, एवढं पुरे असतं.

न शिकवल्यावर काय होतं याचा एक हिशेब अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत आहे. शाळेत असताना ज्यांची कोणतीही अपंगत्वाची किंवा शिकण्याची अडचण नोंदलेली होती, अशा मुलांचा माग त्यांनी पुढे महाविद्यालयापर्यंत ठेवला. २०११ च्या अहवालात आलं की शाळेत ८७ टक्के मुलांना सवलती किंवा मदत मिळत होती, पुढच्या शिक्षणात ती १९ टक्क्यांना मिळाली. तिथे गेल्यावर आपल्याला अशी अडचण आहे असं संस्थेला सांगणारे होते २८ टक्के. आणि ६३ टक्के जणांना आपल्याला काही अडचण आहे असं वाटतच नव्हतं. शेवटच्या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा वळते. त्यातल्या काहींची अडचण खरोखर मागे पडली असेल, काहींनी ती ओळख मुद्दाम टाकून दिली असेल, तो त्यांचा अधिकार. पण काही जण असेही असणार ज्यांना आपल्या नावाने काय काय चाललं होतं ते शाळेत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. शाळेत सगळं आपोआप मिळायचं, महाविद्यालयात मागावं लागतं. आणि मागायचं तर आधी आपलं काय ते माहीत हवं.

एक प्रश्न मला तरीही छळतो. मागायला शिकवणं ठीक, पण मुळात मुलाने का मागावं? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ ला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्यात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानलाय. म्हणजे ही मेहेरबानी नाही. अशा अडचणीची मुलं शंभरात पाच ते दहा असतात, हा नेहमी दिला जाणारा अंदाज धरला तर चाळीसच्या वर्गात दोन-चार जण धरूनच चालायला हवं. अचानक उठवून वाचायला लावणं कुणासाठीच बंद केलं तर त्या दोन-चार जणांना तोंड उघडावंच लागणार नाही. हे मी शिक्षकांना सांगते. आणि संध्याकाळी मुलाला 'तू सांग, तुला सांगता यायला हवं' असंही सांगते. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही एका दमात म्हणताना मला अवघडल्यासारखं होतं. वर्ग बदलेल तेव्हा बदलेल, हे मूल उद्या सकाळी शाळेत जाणार आहे. म्हणून तालीम चालू ठेवते.

आणि नकोही म्हणता यायला हवं. सोळा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येते, रफाराची तक्रार करणारी तीच, आता मोठी झालीय. तिने परीक्षेतला जादा वेळ नाकारला तेव्हा घरात मोठा वाद झाला. हक्काची गोष्ट सोडते म्हणजे काय! वडिलांनी मला तिची समजूत घालायला सांगितलं. मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, 'घंटा झाल्यावर सगळ्या बाहेर जातात आणि जाताना प्रत्येकजण माझ्याकडे बघते. मग तो जादा वेळ मी लिहीतच नाही, नुसती दाराकडे बघत बसते.' तिला वेळ हवा होता. तो तसा, सगळ्यांच्या नजरेखाली नको होता. परीक्षा सगळ्यांच्या आधी सुरू करता येईल का, किंवा दुसऱ्या खोलीत बसता येईल का, हे ती मुख्याध्यापकांना विचारायला एकटी गेली. आधी सुरू करायला नकार मिळाला, खोली मिळाली. खोलीत पंखा चालत नव्हता. तेही तिनेच दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं.

सध्या तिचा आणि माझा एक कागद चाललाय. दर वर्षी नवे शिक्षक, दर वर्षी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, याचा तिला वैताग आला होता. म्हणून एका पानात सगळं. ती बोलते, मी टाइप करते, मजकुरात हात घालायचा नाही अशी तिची अट आहे. मला काय चांगलं जमतं, यापासून तिने सुरुवात केली. फळ्यावरून उतरवून घेताना मागे पडते, फोटो काढू द्यावा. शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरात कापा, इतिहासाच्या नको. हे 'कापा' वाचून मी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, 'राहू दे.' तळाशी तिने शेवटचं वाक्य घातलं: 'यातलं काही समजलं नाही तर मला विचारा, आईला नको.' आईने तो कागद वाचला आणि रात्री मला फोन केला. बाकी सगळं छान झालंय, म्हणाल्या, फक्त ते शेवटचं जरा मऊ करता येईल का, बघा ना तुम्ही.

मी म्हटलं, तिला विचारून बघा.